जोर ओसरला, पाणी आलं

वऱ्हाडचं आभाळ

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ धडकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा जोर ओसरला. अकोला-अमरावतीपासून तो किनारा सातशे-आठशे किलोमीटर दूर. वादळ ही समुद्राकाठच्यांची काळजी, असंच आपण मानत आलो.

पण त्या वादळाचे अवशेष पाऊस घेऊन आपल्यावर आले. २८ तारखेला यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात एसटी बस वाहून गेली, माणसं गेली. दिवस ऐन सोयाबीनच्या सोंगणीचे. भिजलेल्या शेंगांना वावरातच कोंब फुटले. आणि आपल्यावरून पुढे गेलेल्या त्या अवशेषांनी अरबी समुद्रात पुन्हा बळ धरलं. ‘शाहीन’ या नावानं ३ ऑक्टोबरला ते ओमानवर आदळलं.

चक्रीवादळ जगतं ते कोमट समुद्राच्या वाफेवर. वाफेचे ढग होताना जी उष्णता सुटते, ती वादळाला फिरवत ठेवते. हवा एका अंशानं तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून वादळांची एकूण संख्या वाढो न वाढो, गेल्या चार दशकांत त्यांतल्या तीव्र वादळांचा वाटा वाढला आहे आणि पाऊसही जड होतो आहे. एकट्या ‘गुलाब’चं सगळं खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही. पण तापलेला समुद्र अशा प्रत्येक वादळाच्या ओंजळीत थोडं जास्त पाणी घालतो, हे नक्की.

आपण वादळ मोजतो वाऱ्याच्या वेगानं. जमिनीवर आलं की वारा मंदावतो, चक्रीवादळाचा ‘कमी दाबाचा पट्टा’ होतो आणि ऐकणारा निर्धास्त होतो. वऱ्हाडचं संकट नेमकं तिथून सुरू होतं. आपल्यापर्यंत वारा पोचत नाही, पाणी पोचतं. त्यामुळे इथल्या इशाऱ्यात वाऱ्याआधी पावसाचा आकडा हवा : कोणत्या तालुक्यात, किती, कधी. दोन दिवस आधी कळलं, तर सोंगणी थांबवता येते, सुडी ताडपत्रीखाली नेता येते, नाल्यावरची वाहतूक रोखता येते.

अशा वेळी, २०२५च्या खरिपापासून राज्यानं पीकविम्यातून काढणीपश्चात नुकसानीचं संरक्षण वगळलं. कापून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, तर भरपाई ठरवणाऱ्या पीककापणी प्रयोगात ते नुकसान दिसणार कसं? हे संरक्षण परत आलं पाहिजे. समुद्र वऱ्हाडापासून दूर असेल, त्याचं पाणी आता दूर राहिलेलं नाही.