खरखर की जवारी?

गतवर्षी मार्च महिन्यात नववीतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांची जुनी गिटार घेऊन मजकडे आला. कोठेही बोट ठेवून तार छेडली, की स्वरामागे एक बारीक खरखर उमटे. पावसाळ्यात हेच वाद्य स्वच्छ बोलत असे. वडील नवे वाद्य घेऊन देण्यास तयार झाले होते. एका मित्राने तर कानसही आणून दिली होती. "सर, नेमके काय घासायचे?" एवढेच त्या मुलास विचारावयाचे होते. मी कानस काढून घेतली व त्यास समोर बसविले.

तापावरून रोग ठरत नाही, तसेच खरखरीवरून दोष ठरत नाही. प्रथम तारा योग्य स्वरात चढविल्या आहेत की नाहीत हे पाहावे. सैल तार खरखरतेच. मग हळू छेडून पाहावे. कित्येकदा दोष वाद्याचा नसून हाताच्या आडदांडपणाचा असतो. त्यानंतर आवाजाचे ठिकाण शोधावे. केवळ मोकळी तार खरखरत असेल, तर खुंट्यांजवळील पट्टीची खाच झिजून खोल गेलेली असते. खाचेत तारेखाली कागदाचा कपटा घालावा. खरखर थांबली तर निदान पक्के झाले. एकाच पडद्यावर बोट ठेविले असता आवाज होत असेल, तर तो पडदा झिजलेला किंवा त्याच्या पुढचा उंच झालेला असावा. सर्वत्र होत असेल, तर तारा खाली आल्या आहेत असे समजावे. आणि तारेचा काही संबंध नसून खुंटीचा सैल स्क्रू किंवा वादकाच्या सदऱ्याचे बटणही आवाज करीत असते!

ह्या मुलाच्या गिटारीचे पोट कोरड्या हवेने आत बसले होते, म्हणून तारा पडद्यांस भिडत होत्या. छिद्रे पाडलेल्या डबीत ओलसर कापड घालून ती डबी वाद्यासह पेटीत बंद ठेविली. काही आठवड्यांत खरखर गेली. पडदे घासले असते, तर उन्हाळ्याचा दोष कायमचा झाला असता.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नवा शिक्षक असताना, शाळेचा तंबोरा माझ्या हाती आला. माझे कान उपासनेतील पेटी व व्हायोलिन ह्यांवर वाढलेले. तंबोऱ्याचा झणत्कार मला दोष वाटला. मी पॉलिशकागदाने घोडीची पाठ घासली. आवाज स्वच्छ तर झाला नाहीच, उलट मुका झाला. तेव्हा तो घेऊन आगगाडीने मिरजेस गेलो. सतारमेकर गल्लीतील एका वृद्ध कारागिराने तार छेडली, घोडीकडे पाहिले व म्हटले, "मास्तर, ही खरखर नव्हती. ही जवारी होती. ती तुम्ही पुसून टाकलीत."

तंबोऱ्याच्या घोडीची पाठ सपाट दिसते, परंतु तिला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारास क्षणोक्षणी स्पर्शून सुटते आणि एका स्वरातून अनेक उपस्वर जागे होतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून तो स्पर्श साधावयाचा असतो. गिटारीत कागदाचा कपटा खरखर घालवितो. तंबोऱ्यात सुताचा धागा तीच जन्मास घालतो! प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ साली ह्याच वक्र घोडीवर शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला. मिरजेच्या कारागिरांस मात्र ती गोष्ट कान व कानस ह्यांनीच ठाऊक होती. ह्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांस पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ते वाद्यांकडे वळले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांचे वास्तव्य ह्याच मिरजेत होते. २०२४ साली येथील सतार व तंबोरा ह्यांस भौगोलिक मानांकनही मिळाले.

मानांकनाने वाद्याचे नाव राहील. जवारी राहावयाची तर ती ओळखणारे कान हवेत. मोबाईलमधील तंबोरा सोयीचा खरा, परंतु त्यावर धागा सरकविता येत नाही, आणि धागा न सरकविलेल्या मुलास जवारी म्हणजे काय हे कोण सांगणार? म्हणून प्रत्येक शाळेत एक तरी खरा तंबोरा असावा, आणि तो वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडे न्यावा, सोबत चार मुलेही न्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पालकांस एकच विनंती. मुलाचे वाद्य खरखरू लागले, तर नवे घेण्यापूर्वी त्याच्याजवळ तासभर बसा व आवाज कोठून येतो ते दोघे मिळून शोधा. कानशीने काढलेले परत घालता येत नाही. माझ्या तंबोऱ्यास त्या वृद्धाने नवी घोडी बसविली. जुनी मी आजही टेबलावर ठेविली आहे, आणि एखाद्या मुलाच्या वहीवर लाल शेरा मारण्यापूर्वी तिच्याकडे एकदा पाहतो.