बारा हत्यारे नकोत, दोन पुरेत

आमच्या हॉबी क्लबमध्ये पुढच्या सत्रापासून धातूवर हाताने कोरीवकाम सुरू होणार आहे. साहित्य काय घ्यायचे यावर सध्या दोन मते आहेत. काहींना बारा हत्यारांचा तयार संच हवा आहे, काहींना विजेवर चालणारे पेन. माझे मत या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. प्रत्येकाला दोन ग्रेव्हर, धार लावायचे चांगले दगड आणि सरावासाठी भरपूर तांब्याचा पत्रा, एवढेच घ्यावे.

ग्रेव्हर म्हणजे पोलादाची बारीक कांडी. तिचे टोक तिरके घासलेले असते आणि मागे तळहातात बसेल अशी लाकडी मूठ असते. नांगराच्या फाळाने जमिनीत तास पडतो, तसा हाताच्या दाबाने धातूचा बारीक केस निघतो आणि मागे चर राहते. विजेचे पेन असे कापत नाही. ते थरथरते आणि ठिपक्यांची रांग उमटवते. घरच्या स्टीलच्या भांड्यांवर घातलेली नावे जवळून पाहा, म्हणजे फरक कळेल. मेसच्या मगांवर नंबर घालायला ते पेन उत्तम आहे. पण त्याने कोरीवकाम शिकता येणार नाही.

आता संचाविषयी. बारा हत्यारे एकत्र घेतली की एकेक स्वस्त पडते, असे माझे मित्र म्हणतात. हिशेब बरोबर आहे, पण नवीन हत्यार बहुधा कामाला तयार नसते. त्याचे टोक आपल्यालाच घासून घ्यावे लागते. ज्याला एका टोकाला धार लावता येत नाही, त्याच्याकडे बारा बोथट हत्यारे असून काय उपयोग? रेघा आणि अक्षरांसाठी एक चौकोनी ग्रेव्हर आणि रुंद काप घेण्यासाठी एक सपाट, एवढ्यावर वर्षभराचा सराव होतो. दोन्ही हायस्पीड स्टीलचे असावेत. कार्बाइड जास्त कठीण असते, पण ठिसूळही असते. नवशिक्याचा हात वाकडा पडला की त्याचे टोक तुटते.

वाचलेले पैसे दगडांवर खर्च करावेत. एक मध्यम आणि एक बारीक दगड लागतो. चौकोनी ग्रेव्हरचे तोंड साधारण ४५ अंशांत घासतात. कोन दर वेळी तोच राहायला हवा, म्हणून कोन धरून ठेवणारे साधे साधनही घ्यावे. धार तपासायची रीत सोपी आहे. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवावे. घसरले तर बोथट, रुतले तर तयार. रायफल चालवण्याआधी आपल्याला ती खोलून साफ करायला शिकवतात. इथेही तसेच आहे. बोथट ग्रेव्हरला जास्त जोर लागतो, जास्त जोराने तो घसरतो, आणि घसरला की दुसऱ्या हातात घुसतो. पालकांना ज्या इजेची भीती वाटते, ती बहुतेक बोथट टोकामुळे होते. म्हणून पत्रा धरलेला हात कधीही टोकाच्या समोर ठेवू नये आणि चष्मा घातल्याशिवाय काम करू नये.

मूठही हातानुसार हवी. टोक अंगठ्याच्या थोडेच पुढे यावे. सहावीतल्या कॅडेटचा आणि माझा हात सारखा नाही, म्हणून कांडी मागून कापून लहान करावी लागते. सगळ्यांना एकच माप चालणार नाही.

महागडा शिकंजाही आत्ता नको. लाकडी ठोकळ्यावर लाखेने पत्रा चिकटवला आणि खाली वाळूची चामडी पिशवी ठेवली की काम भागते. वळण कोरताना हत्यार फिरवायचे नसते, ठोकळा फिरवायचा असतो. सरावाला तांबे सर्वांत बरे. ते मऊ असते आणि तापवून पाण्यात टाकले तर आणखी मऊ होते. ॲल्युमिनियम टोकाला चिकटते, स्टेनलेस स्टील टोक मोडते. १८०५ साली मिरजेत भगवद्गीता छापली गेली, तीसुद्धा तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. छापण्यासाठी ती अक्षरे उलटी कोरावी लागतात. आपल्याला तर सुलटीच कोरायची आहेत!

हा फक्त छंदाचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. गेल्या वर्षी आंतरहाउस ढालीवरची नावे बाहेरच्या एका दुकानातून कोरून आणली. स्पेलिंगमधला एच गळला आणि एका जाधवचा ‘जादव’ झाला. तो कॅडेट आता पास आऊट झाला आहे, पण ढालीवर नाव अजून तसेच आहे. माझ्या आजोबांच्या पदकाच्या कडेवर त्यांचा क्रमांक आणि नाव आहे. त्यातले एक अक्षर जरी चुकले असते, तरी ते पदक त्यांना आपले वाटले नसते. नाव कोरणाऱ्याला त्या माणसाची ओळख असली, तर तो प्रत्येक अक्षर दोनदा तपासतो.

म्हणून क्लबच्या सरांना माझी विनंती आहे की यंदा कमी साहित्य घ्यावे आणि सरावाचे तास वाढवावेत. पहिला महिना फक्त धार आणि सरळ रेघा, मग वळणे, मग अक्षरे. वर्षाअखेरीस ढालीवरच्या नव्या पट्ट्या बाहेर न देता आम्हाला द्याव्यात. आणि पहिली पट्टी जाधवच्या नावाची असावी.