पान उघडत नाही म्हणून नोंद अडू नये



लागणीच्या नोंदीसाठी गट ऑफिसात आलेले एक वडीलधारे सभासद परवा नोंद न करताच माघारी निघाले. "साहेब, ह्यातलं आपल्याला काय कळतंय? पोरगा आला म्हंजे बघू," म्हणाले. ऑफिसातले पाहुण्यांसाठीचे वाय-फाय त्यांच्या मोबाईलला जोडलेले दिसत होते, पण नंबर टाकायचे लॉगिनचे पान काही येईना. आम्ही त्यांना थांबवून मोबाईलचा डेटा बंद केला. पान आले, नोंद झाली. दोन मिनिटांचे काम! पण ते तसेच गेले असते तर नोंद लांबली असती, आणि नोंद लांबली की तोडीचा क्रमही लांबतो, हे आपणांस सांगायला नको.

आमचे स्पष्ट मत आहे की, दोष सभासदाचा नाही. हे वाय-फाय म्हणजे कारखान्याचे गेट समजा. गाडी नोंदवल्याशिवाय काट्यावर जात नाही. जोडणी होताच मोबाईल एक साधे पान मागतो, यंत्रणा त्याला अडवून लॉगिनचे पान पुढे करते. डेटा चालू असला तर गाडी भलत्याच रस्त्याने जाऊ शकते. व्हीपीएन किंवा सेटिंगमधला प्रायव्हेट डीएनएस चालू असला तर कधी कधी गेट सापडतच नाही.

तेव्हा आधी डेटा बंद करावा. ओटीपीचा मेसेज डेटाशिवायही येतो. मग व्हीपीएन व प्रायव्हेट डीएनएस बंद करून पाहावेत. तरी जमेना, तर ते वाय-फाय यादीतून काढून पुन्हा जोडावे, किंवा ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे साधे पान उघडावे. बँकेचे पान उघडून बघू नये. तसल्या सुरक्षित पानाला गेटवर वळवता येत नाही, उलट धोक्याचा इशारा येतो. काम झाले की बंद केलेले सगळे पुन्हा चालू करावे. आणि वाय-फायसाठी कोणी आधार किंवा एटीएमचा पिन मागितला, तर देऊ नये.

पण सगळा भार सभासदावर टाकून आम्हा ऑफिसवाल्यांना मोकळे होता येणार नाही. प्रत्येक गट ऑफिसात ह्या सूचनांचा मराठी फलक हवा, हाताशी माणूस हवा. आणि पान उघडलेच नाही, तर त्याच तारखेने कागदावर नोंद घेऊन पोच द्यावी. सोय सभासदासाठी आहे, सभासद सोयीसाठी नव्हे.

पान उघडत नसेल तर माघारी जाऊ नका. आम्हाला हाक मारा.