कानाचे माप

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाचे फोटो, सह्या, अंगठे, पॅन, आधार असे सगळे कुठे ना कुठे जमा असते. आता आपल्याजवळ कोणाला देण्यासारखे काही शिल्लक नाही, अशी माझी समजूत होती. ती पुण्याच्या भाच्याने दिवाळीत घालवली. फराळाचे ताट बाजूला सारतो न सारतो तोच त्याने माझ्या तोंडासमोर फोन धरला आणि म्हणाला, "मामा, मान जरा डावीकडे. आता उजवीकडे. केस मागे घ्या." शेवटची सूचना अर्थात सवयीने दिलेली होती.

"केवायसी आहे का रे?"

"नाही हो मामा, कान स्कॅन करतोय. आता गाणं खास तुमच्या कानाच्या मापानं ऐकू येणार."

मला आमचे पाढ्यांचे मास्तर आठवले. माझ्या उजव्या कानाच्या आकारात निसर्गाचा वाटा निम्माच. उरलेला मास्तरांनी पिळून पिळून घडवलेला. त्या मेहनतीची दखल इतक्या वर्षांनी एखाद्या यंत्राने घ्यावी, याचा आनंदच झाला.

भाच्याने समजावले ते मला पटले, हे आधीच कबूल करतो, नाहीतर बी.कॉम. मामाला विज्ञान कळत नाही असे तो घरी जाऊन सांगायचा. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी उशिराने पोचतो, आणि मध्ये डोके आडवे आल्याने जरा मंद होऊन पोचतो. तेवढ्यावरून मेंदू डावे-उजवे ठरवतो, असे लॉर्ड रॅले यांनी १९०७ सालीच मांडले होते. आवाज वरून आला की खालून, पुढून की मागून, हे मात्र कानाच्या वळ्या सांगतात. हेडफोन लावला की या वळ्यांना काम उरत नाही आणि गायक थेट आपल्या कवटीत बसून गाऊ लागतो. मग कॉम्प्युटर त्या वळ्यांचा हिशेब आधीच गाण्यात मिसळून ठेवतो, आणि गायक बिचारा बाहेर येऊन समोर बसतो. पूर्वी हा हिशेब एका सरासरी डोक्यावरून करीत. सोनीने लोकांकडे कानांचे फोटो मागितले. ॲपलने २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्यानेच ज्याचे त्याचे कान मोजायची सोय केली.

सरासरीशी माझेही जुने वैर आहे. सरासरी तीन फूट खोल नदीत बुडून मेलेल्या माणसाचे उदाहरण आम्हाला कॉलेजात पहिल्याच वर्षी दिले होते. तेव्हा सरासरी डोके गेले, याचे मला मुळीच दुःख नाही. शिवाय गंमत म्हणजे ते यंत्र चालले. सतार खिडकीपाशी वाजत होती, आणि मी मान वळवली तरी ती खिडकीपाशीच राहिली. आमच्या घरात इतका वेळ एका जागी स्थिर बसलेली ती पहिलीच.

माझे भांडण आहे ते 'खास तुमच्यासाठी' या दोन शब्दांशी. हे शब्द मी स्वतः काउंटरवर विकतो. 'खास आपल्यासाठी मंजूर झालेले कर्ज' असा निरोप ज्या दिवशी एका गिऱ्हाइकाला जातो, त्याच दिवशी निम्म्या सोलापुरालाही जातो. नाव तेवढे ज्याचे त्याचे घालतात. म्हणून 'खास' म्हटले की काय मोजले आणि काय मोजायचे राहिले, हे विचारायची मला खोड लागली आहे.

आता आमचे अण्णा. लहानपणी त्यांचा डावा कान फुटला, तो गेलाच. उजव्या कानाला इथल्या एका गिरणीत मागांच्या खडखडाटात तीस वर्षे काढावी लागली. स, श, त, थ असली बारीक अक्षरे त्याने तिथेच सोडली. हाक कुठूनही मारा, अण्णा उजवीकडेच बघतात. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर आम्ही त्यांच्या उजव्या हातालाच चालायचे, हा आमच्या घरचा नियम.

भाच्याने हौसेने त्यांचेही कान मोजले. कॅमेऱ्याला काही खोट दिसली नाही. दिसणार कशी? आकाराने अण्णांचा डावा कान उजव्याहून देखणाच आहे. मोठ्या आशेने गाणे लावले. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "तबला न्हाय का रे ह्यात? लांब कुठंतरी वाजल्यागत वाटतंय."

तबला होता. यंत्राने तो मोठ्या काळजीने, अण्णांच्या कानाच्या मापाने, बरोबर डावीकडे नेऊन ठेवला होता! म्हणजे सही जुळली, फोटो जुळला, नावाचे स्पेलिंगसुद्धा जुळले. खात्यात पैसे आहेत की नाहीत, तेवढे बघायचे राहिले.

बरे, ज्या वळ्यांसाठी एवढा खटाटोप, त्यांचे मेंदू स्वतःच बघून घेतो. १९९८ साली डच संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी चार माणसांच्या कानांत साचे बसवून वळ्यांचा आकारच बदलला. आधी त्यांना आवाज वर की खाली ते कळेना. काही आठवड्यांत पुन्हा कळू लागले. नव्या वळ्या माणूस शिकून घेतो. बंद पडलेला कान मात्र तसा शिकून परत येत नाही. मग मोजायचे आधी काय? कानाच्या डॉक्टरकडे बारीक-मोठे सूर ऐकवून आलेख काढतात, तो आलेख घेऊन त्याप्रमाणे आवाज दुरुस्त करायची सोय काही फोनांत आहे. पण दुकानातला पोरगा ती सांगत नाही. तो म्हणतो, "काका, घरबसल्या मैफल!"

शेवटी त्या रात्री सेटिंग्जच्या पोटात शिरून मी एक खटका शोधून काढला. नाव 'मोनो'. तो दाबला की डावे-उजवे सगळे एकत्र होऊन प्रत्येक कानात येते. हा खटका साध्या स्वस्त फोनातही असतो. पण कान मोजायची पाटी दारात आणि हा माळ्यावरच्या ट्रंकेत. एका कानाच्या माणसासाठी याहून खास माप कोणी काढले असेल तर मला दाखवावे.

"पण मामा, स्पेशियल इफेक्ट सगळा गेला ना!" भाचा हळहळला.

अण्णा उजव्या कानात बोंडूक घालून मांडीवर ठेका धरून बसले होते. दाराशी डाव्या बाजूला आई चहा घेऊन उभी होती. तिने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला अण्णांनी उजवीकडे वळून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काय म्हणालास?"