पालखी थांबली, सभा थांबल्या नाहीत

पिंपरीतील ज्या वस्तीस तुकोबांचे नाव आहे, त्याच संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय उभे आहे. सन २०२० च्या ज्येष्ठात एरवी टाळमृदंगाने दुमदुमणारा जुना मुंबई-पुणे रस्ता मुका होता, आणि या रुग्णालयाच्या दारी रुग्णवाहिकांची रीघ लागली होती. शेजारच्या नेहरूनगरात मगरांच्या नावाच्या क्रीडांगणावर त्याच वर्षी तात्पुरते मोठे इस्पितळ उभारावे लागले. १२ जून रोजी देहूच्या देवळातच मोजक्या मंडळींत प्रस्थान झाले, पादुका तेथेच राहिल्या, व ३० जूनला एस.टी.त बसून पंढरीस गेल्या. आकुर्डीचा मुक्काम चुकला. पुढल्या साली, २०२१ मध्येही एस.टी.चीच वारी झाली. पायी वारी सुरू झाली ती २०२२ साली.

पिढ्यान् पिढ्यांचा नेम मोडला म्हणून कित्येक घरांत म्हातारी माणसे रडली. ते रडणे आम्ही खोटे म्हणणार नाही. परंतु वारी थांबविणे हा धर्मबुडवेपणा होता, असे जे कोणी सांगत फिरले त्यांस आमचा सवाल आहे: वारी लाखांची, मुक्काम गावोगावच्या शाळांत व ओसऱ्यांवर, पंगत एक, पाणी एक. रोग एका दिंडीत शिरता तर देहूपासून पंढरीपर्यंत कोणते गाव सुटते? आणि त्या गावांत दवाखाने किती? गाडगेबाबा हयातभर पंढरीच्या यात्रेत गेले ते हाती खराटा घेऊन. सावित्रीबाई फुले प्लेगात आजारी मुलास मुंढव्याहून पाठीवर आणते झाल्या आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. माणूस जगविणे हा धर्म आमच्या लोकांस कोणी नव्याने शिकवावयास नको. बहुतेक वारकरी मंडळींनी तर निर्बंध पाळले, हे त्यांस भूषणावह आहे.

आमची तक्रार निराळी आहे. सन २०२१ च्या एप्रिलात रोगाची दुसरी लाट भर जोरात असता पंढरपूरचे देऊळ भाविकांस बंद होते. पण त्याच पंढरपूर-मंगळवेढ्यात पोटनिवडणूक होती! विठोबाचे दर्शन नको, पुढाऱ्यांचे दर्शन मात्र मंडपात गर्दी करून घ्या, असा तो न्याय. १७ एप्रिलला तेथे मतदान झाले, व नेमके त्याच दिवशी पंतप्रधानांनी हरिद्वारचा कुंभ आता प्रतीकरूपाने करा म्हणून आवाहन केले, म्हणजे १२ व १४ तारखेची शाहीस्नाने लाखोंच्या गर्दीत उरकून गेल्यावर. गरिबाची दिंडी हुकमाने थांबते, आणि आखाड्यांस हात जोडावे लागतात. लोक हे पाहत असतात.

सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. आम्ही शाळामास्तर हाती तापमापक घेऊन घरोघर हिंडलो. एका घरी म्हातारीने दार अर्धेच उघडले. आत कोणी खोकत होते. "आजी, ताप कोणाला आहे का?" म्हणून विचारले, तर ती म्हणाली, "मास्तर, लिहू नका बाबा. पोरगा चाकणला कंत्राटी हाय. चौदा दिस घरी बसला तर त्याच्या जागी दुसरा उभा ऱ्हातो." गळ्यात तुळशीची माळ, पण रोग लपविण्यास कारण देव नव्हता, हजेरीपट होता. आम्ही तिला खूप समजावले. शेवटी मुलगा तपासणीस गेला. ते काम त्यास परत मिळाले नाही.

शहाणे लोक शहरात बसून म्हणत होते की खेडवळ अडाणी आहेत, म्हणून रोग पसरतो. त्यांनी त्या उंबऱ्यावर उभे राहून हे म्हणावे.

तीच गत वारीच्या वाटेवरल्या कारागिरांची. माळा ओवणारा, बुक्का विकणारा, टाळ घडविणारा, वाटेवर हजामत करणारा न्हावी, तळावर चपला शिवणारा चांभार, या सर्वांची मोठी कमाई त्या तीन आठवड्यांत होते. दोन वर्षे ती बुडाली. २०२१ मध्ये नोंदणीकृत फेरीवाल्यांस १,५०० रुपये जाहीर झाले खरे; पण पालखीमागे गावोगाव फिरणारा माळकरी विक्रेता कोणत्या नगरपालिकेत नोंदलेला असावयाचा?

या सर्व बंद्या ज्या कायद्याच्या जोरावर घातल्या तो साथरोगाचा कायदा इंग्रजांनी १८९७ साली प्लेगासाठी केला, व आपल्या राज्यात तो १३ मार्च २०२० पासून लागू झाला. त्याच्या दुसऱ्याच कलमात, भरपाई द्यावयाची झाल्यास ती कोणी व कशी सोसावी हे ठरविण्याचा अधिकार सरकारास दिलेला आहे. दार बंद करण्याचे कलम सरकारास तत्काळ सापडले. तेव्हा आमची मागणी एवढीच की पुढली साथ येण्यापूर्वी, आजच, नियम छापावा: जो मजूर आजार उघड सांगेल त्याची चौदा दिवसांची मजुरी व जागा कायम राहील, आणि यात्रा बंद झाल्यास तीवर पोट असणाऱ्यांची यादी ग्रामपंचायतीने करून त्यांस रोकड मिळेल. यादी करावयास आम्ही मास्तर आहोतच. ते काम आम्ही बिनतक्रार करू.