पहारेकरी पालक आणि मोकाट मालक

समाजमाध्यमांवर एखाद्या मुलाचा छळ झाल्याचा बोभाटा झाला, की ठरलेला उपदेश सुरू होतो. पालकांनी जागरूक राहावे, मुलांचा मोबाइल तपासावा, देखरेखीचे ॲप बसवावे. उपदेश निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे एक मोठी हातचलाखी आहे: नफा कंपन्यांचा, आणि राखण मात्र आईबापांची!

ही राखण कोण करणार? बोरीवलीच्या गोराई वसाहतीतून किंवा देवीपाड्यातून सकाळी घाईने निघालेली आई चर्चगेटला पोहोचेपर्यंत तासाहून अधिक काळ लोटतो. ती परतते दिवेलागणीनंतर, लोकलच्या गर्दीत पिळवटून. तिने स्वयंपाक आटोपून रात्री अकरा वाजता मुलीच्या इन्स्टाग्रामची झडती घ्यावी, अशी अपेक्षा आहे. एका बाजूला मुलांची नजर पडद्यावरून हलू नये म्हणून राबणारे हजारो तंत्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला ही थकलेली बाई! या विषम झुंजीला पालकांची जबाबदारी असे गोंडस नाव देणे ही श्रमिकांची क्रूर थट्टा आहे.

ज्यांना पैसा आणि सवड आहे, त्यांच्या घरी तरी काय घडले? डिसेंबर 2019 मध्ये मुंबईतील एका उच्चभ्रू शाळेतील 13-14 वर्षांच्या आठ मुलांना निलंबित करावे लागले. वर्गातील मुलींविषयी हिंसक आणि अश्लील मजकूर ते व्हॉट्सॲप गटावर लिहीत होते. देखरेखीची साधने या घरांना परवडत नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. मुलींना माणूस म्हणून पाहण्याचे शिक्षण मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

शिवाय हेरगिरीने मूल सुरक्षित होत नाही, ते अबोल होते. छळ सोसणाऱ्या मुलाला छळणाऱ्याइतकीच धास्ती घरच्यांची असते: सांगितले तर मोबाइल काढून घेतील, दोष आपल्यालाच देतील. म्हणून ते गप्प बसते आणि त्याच्या मौनावर गुंडगिरी पोसली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क अठराव्या वाढदिवशी अकस्मात उगवत नाही.

मालकांना काहीच ठाऊक नव्हते, ही सबबही टिकणारी नाही. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी 2021 साली कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. स्वतःच्या शरीराविषयी आधीच खंतावलेल्या अनेक किशोरवयीन मुलींची खंत इन्स्टाग्राममुळे वाढते, असे कंपनीच्याच संशोधकांनी नोंदवून ठेवले होते. तरीही धंदा चालूच राहिला.

सरकारचे वर्तन याहून फारसे निराळे नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांचा माग काढण्यावर आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यावर बंदी घातली, हे योग्यच झाले. परंतु नोव्हेंबर 2025 मध्ये नियम प्रसिद्ध करताना कंपन्यांना या तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत बहाल करण्यात आली. छळणारे मुलाला एका रात्रीचीही मुदत देत नाहीत! ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांच्या खात्यांना बंदी आहे. अशी सरसकट बंदी योग्य की अयोग्य, यावर मतभेद होऊ शकतात. परंतु तेथे 4 कोटी 95 लाख डॉलरपर्यंतचा दंड कंपनीला आहे, पालकाला किंवा मुलाला नाही, हे तत्त्व निर्विवाद आहे.

मग पालकांनी हात झटकावेत काय? मुळीच नाही. पण एकेकट्याने पहारा देणे वेगळे आणि संघटितपणे जाब विचारणे वेगळे. याच पश्चिम उपनगरांत मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. नळ कोरडे पडले तेव्हा त्यांनी गृहिणींना काटकसरीचे धडे दिले नाहीत. त्यांना घेऊन महापालिकेच्या दारात मोर्चे नेले. खासगी वाटणारे दुःख सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडणे, हीच समाजवादी चळवळीची परंपरा आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी चाळीचाळींत आणि गृहसंस्थांत पालकांच्या बैठका घ्याव्यात. मूल बोलते झाले तर आधी ऐकून घ्यावे, मोबाइल हिसकावू नये. मजकूर पुसण्यापूर्वी पुरावा जपावा. 1098 ही बालकांची मदतवाहिनी आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल यांकडे तक्रार करावी, एवढे प्रत्येक घरात पोहोचले पाहिजे. प्रत्येक शाळेत समुपदेशक आणि पालक-विद्यार्थी तक्रार समिती असावी, तसेच कंपन्यांची मुदत तत्काळ संपवावी, या मागण्या रस्त्यावर आल्या पाहिजेत. आईबापांच्या हाती पहाऱ्याची काठी देऊन मालकांना मोकाट सोडणारी व्यवस्था मुलांचे रक्षण करीत नाही. ती मुलांच्या आडून नफ्याचे रक्षण करते.