दुभाषी यंत्र

मनुष्य परमुलखी गेला म्हणजे प्रथम त्याची वाचा खुंटते. अंगी विद्या असूनही बोलता न आल्यामुळे शहाणा माणूस अडाण्यासारखा दिसू लागतो. ही अडचण निवारण्यासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे पुढे आली आहेत. मराठीत उच्चारलेले वाक्य ती क्षणार्धात जर्मन वा जपानी भाषेत बोलून दाखवितात. मग परकी भाषा शिकण्याचे कष्ट कशाला घ्यावेत, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शोधावयास आपणांस दूर जावयास नको.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात गोंडी व माडिया या बोली नांदतात. तेलुगू-कन्नडप्रमाणे त्या द्राविड कुळातील असल्यामुळे मराठी माणसास त्या ऐकून उमगत नाहीत. १९७३ साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेथे रुग्णसेवेस गेलेल्या डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया भाषा शिकून घेतली. ‘कोठे दुखते?’ हा प्रश्न आपल्या भाषेत कानी पडला म्हणजे रोग्याचे भय ओसरते आणि वैद्यावर त्याचा विश्वास बसतो.

आज तेथे जाणाऱ्या नव्या वैद्यास यंत्राचेही साहाय्य मिळू शकेल. केंद्र शासनाच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी ‘आदि वाणी’ हे भाषांतराचे साधन प्रायोगिक स्वरूपात खुले केले. संथाली, भिली व मुंडारी यांच्यासह गोंडीचाही त्यात समावेश आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. अपरात्री रोगी दाराशी आला आणि दुभाष्या जवळ नसला, तर असे साधन मोलाचे ठरेल.

तथापि त्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. माणसांनी लिहून वा बोलून ठेवलेल्या वाक्यांवरूनच यंत्र शिकते. गोंडी मुख्यतः मुखोद्गत राहिली; शिवाय ती मुलखामुलखांत पालटते. एका प्रांताच्या गोंडीवर पोसलेले यंत्र दुसऱ्या प्रांतात अडखळू शकते, आणि औषधाच्या मात्रेत एका शब्दाची चूकही जिवावर बेतते. म्हणून यंत्राने सांगितलेले रोग्याकडून पुन्हा वदवून घेणे, हेच शहाणपणाचे.

परदेशी जाणाऱ्यासही हाच न्याय लागू आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठविण्यासाठी जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, तेव्हा जाणाऱ्यांना जर्मन शिकविण्याची योजनाही आखली. यंत्रे उपलब्ध असूनही भाषेचे शिक्षण अनावश्यक ठरले नाही. कारण कामापुरते बोलणे यंत्र करील, पण शेजाऱ्याच्या सुखदुःखात आपल्या वतीने सहभागी होणे त्यास साधणार नाही.

मुलांनो, यंत्राचा उपयोग अवश्य करा. परंतु वर्गात गोंडी बोलणारा सोबती असेल, तर त्याच्याकडून रोज दोन शब्द शिका. आणि ज्याची मातृभाषा गोंडी आहे, त्याने ती बोलताना संकोचू नये. त्याने आपले शब्द जतन केले, तरच उद्या यंत्रालाही ते शिकता येतील.